मेंढी 'बेऽ' म्हणते की 'वी'? : प्रबोधनकाळातला ग्रीक-लॅटिन उच्चारांचा तंटा

तिरकस_मात्रा (धागालेखक)

1542 साली केंब्रिज विद्यापीठात एक फर्मान निघालं. काढणारे होते कुलपती, म्हणजे विंचेस्टरचे बिशप स्टीफन गार्डिनर. ग्रीक स्वरांचा उच्चार आजवर चालत आलाय तसाच करायचा. 'आल्फा-योटा' ही जोडी 'एप्सिलॉन'पेक्षा वेगळी म्हणून दाखवायची नाही, 'ओमिक्रॉन-योटा' आणि 'एप्सिलॉन-योटा' साध्या 'योटा'हून निराळे काढायचे नाहीत. ऐकलं नाही तर मोठ्यांना सिनेटमधून बाहेर काढणार, पदवीच्या उमेदवाराला पदवी नाही, शिष्यवृत्तीवाल्याची शिष्यवृत्ती जाणार आणि लहान पोरांना फटके. त्यातलं एक वाक्य तर फारच खमकं आहे. त्याचा मथितार्थ असा: ध्वनींच्या बाबतीत तत्त्वज्ञान पाजळू नका, जे चालू आहेत ते वापरा.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाषेतला एक स्वर कसा म्हणायचा यावरून फटके! हे प्रकरण कुठून सुरू झालं ते लिहितो.

पश्चिम युरोपात ग्रीक भाषा जवळजवळ विसरली गेली होती. ती परत आली ती माणसांसोबत. 1397 मध्ये मॅन्युएल क्रिसोलोरास कॉन्स्टँटिनोपलहून फ्लॉरेन्सला शिकवायला आला. पुढच्या शतकात, 1453 ला ते शहर तुर्कांच्या हाती पडण्याच्या आधी आणि नंतरही, बरेच बायझंटाइन पंडित इटलीत आले. ते घरी ग्रीक बोलत होते. त्यामुळे प्लेटो काय नि होमर काय, सगळं त्यांच्या चालू बोलीच्या उच्चारात शिकवलं गेलं. जर्मनीत हीच पद्धत योहान रॉयख्लिननं रुजवली, म्हणून तिला रॉयख्लिनची पद्धत म्हणतात.

अडचण अशी की या उच्चारात एटा, योटा, उप्सिलॉन ही तीन अक्षरं आणि एप्सिलॉन-योटा, ओमिक्रॉन-योटा, उप्सिलॉन-योटा या तीन जोड्या, अशी सहाच्या सहा लिखाणं 'ई' होतात. परिणाम काय, ते दोन शब्दांत दिसतं. जुन्या ग्रीकमध्ये 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांचं लेखन वेगळं: एकाची सुरुवात एटानं, दुसऱ्याची उप्सिलॉननं. बायझंटाइन तोंडातून दोन्ही 'इमीस'. थ्युसिडिडीजच्या इतिहासातलं एखादं भाषण मोठ्यानं वाचा आणि 'आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला' की 'तुम्ही आमच्यावर' हे फक्त ऐकून ओळखून दाखवा. (बोलणाऱ्या ग्रीकांनी यावर केव्हाच तोड काढली. आज ते 'एमीस' आणि 'एसीस' म्हणतात.)

रॉजर अ‍ॅस्कम हा केंब्रिजचाच विद्वान. त्यानं या 'ई'मय ग्रीकची तुलना चिमण्यांच्या चिवचिवाटाशी आणि सापाच्या फूत्काराशी केली होती. गंमत म्हणजे हाच गडी सुरुवातीला नव्या उच्चारांच्या विरोधात होता.

शंका घेणारे आधीही होते. स्पेनमध्ये आंतोनियो दे नेब्रिहा, व्हेनिसमध्ये छापखानावाला आल्दुस मानुतियुस. आल्दुसच्याच छापखान्यात 1508 मध्ये डच पंडित इरॅस्मस येऊन राहिला होता. वीस वर्षांनी, 1528 मध्ये, बाझेलच्या फ्रोबेन छापखान्यानं इरॅस्मसचा लॅटिन-ग्रीकच्या शुद्ध उच्चारांवरचा संवाद छापला. बोलणारे दोघे, सिंह आणि अस्वल. सिंहाला आपल्या छाव्याच्या शिक्षणाची काळजी आहे, आणि अस्वल त्याला शिकवण्याविषयी सांगता सांगता उच्चारांवर घसरतं. ही विद्वत्ता अस्वलाच्या तोंडी घालावी हे खास इरॅस्मसलाच सुचू शकतं.

पुरावे कुठले? क्विंटिलियनसारखे रोमन शिक्षक आणि हॅलिकार्नासचा डायोनिसियस यांनी कुठल्या अक्षराला जीभ-ओठ कुठे असतात ते लिहून ठेवलंय. रोमन लोकांनी ग्रीक शब्द लॅटिन अक्षरांत कसे उतरवले, ग्रीकांनी रोमन नावं कशी लिहिली, तेही हाताशी होतं. या पक्षाचा सगळ्यात गाजलेला साक्षीदार मात्र मेंढी. क्रातिनुस या इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या नाटककाराची एक ओळ शिल्लक आहे, तिच्यात एक मूर्ख मेंढीसारखं काहीतरी म्हणत हिंडतो. ते 'काहीतरी' लिहिलंय बीटा-एटा, बीटा-एटा. बायझंटाइन उच्चारानं वाचलं तर 'वी वी'. माणसांचे उच्चार बदलले असतील, मेंढ्यांचे नाही.

केंब्रिजमध्ये 1530 च्या दशकात जॉन चीक आणि टॉमस स्मिथ या दोन विशीतल्या पोरांनी हे उचललं. स्मिथनं नंतर लिहून ठेवलंय की एकदम घोषणा न करता तो व्याख्यानात मधूनच एखादा शब्द नव्या पद्धतीनं टाकायचा, जीभ घसरल्यासारखा. ऐकणाऱ्यांच्या कानांना सवय व्हावी म्हणून. मग सेंट जॉन्स कॉलेजात अ‍ॅरिस्टोफेनिसचं 'प्लुटस' नव्या उच्चारात रंगमंचावर आलं. 1540 मध्ये चीक ग्रीकचा पहिला राजनियुक्त प्राध्यापक झाला आणि दोनच वर्षांत वर सांगितलेलं फर्मान आलं.

चीक आणि गार्डिनर यांच्यात यावर लांबलचक लॅटिन पत्रव्यवहार झाला. तो 1555 मध्ये बाझेलला छापला गेला. मला यात गार्डिनर खलनायक वाटत नाही. त्याचं म्हणणं साधारण असं: पुस्तकावरून मेलेला ध्वनी जिवंत करता येत नाही, तुम्ही प्रत्येक जण आपापल्या अंदाजानं बोलाल, आज ग्रीक बोलणारा माणूस तुमचं ऐकून हसेल, आणि विशीतली पोरं म्हाताऱ्या गुरूंना चुकीचं ठरवायला शिकतील. शेवटचा मुद्दा त्याच्या पोटात खरा दुखत होता. राजानं नुकतंच पोपशी नातं तोडलेलं. अशा देशात 'परंपरा चुकीची आहे, मूळ ग्रंथ बघा' हे वाक्य एका स्वरापुरतं राहत नाही हे बिशपला कळत होतं.

पुरावा चीककडे होता. पण पुढे घडलं ते बरंचसं गार्डिनरच्या म्हणण्याप्रमाणे. त्यावर प्रतिसादांत लिहितो, इथं फार लांबेल.

---

उंबरठ्यावरचा

लेख आवडला. वाचनखूण साठवली आहे. लॅटिनचं काय? तिथं तर परंपरा कधी तुटलीच नव्हती ना, चर्चमध्ये रोज चालू होती.

तिरकस_मात्रा

तुटली नव्हती, फुटली होती. प्रत्येक देशाची आपली लॅटिन. 'सी' नंतर 'ई' आला की इटलीत 'च', फ्रान्समध्ये 'स', जर्मनीत 'त्स'. म्हणजे रोमन वक्ता सिसेरो एकच, पण कुठे 'चिचेरो', कुठे 'त्सित्सेरो'. रोमन माणूस 'किकेरो' म्हणायचा, कारण त्याच्या काळातले ग्रीक त्याचं नाव दोन्ही वेळा 'काप्पा'नं लिहितात.

त्या 1528 च्या संवादातच एक प्रसंग आहे. सम्राट मॅक्सिमिलियनच्या दरबारात निरनिराळ्या देशांचे वकील लॅटिनमध्ये स्वागतपर भाषणं करताहेत. फ्रेंच माणसाचं भाषण एका इटालियनानं लिहून दिलेलं, चांगलं लॅटिन. पण त्यानं ते असं म्हटलं की तिथल्या इटालियनांना वाटलं हा फ्रेंचच बोलतोय. मग जर्मन उठला, तो जर्मन बोलतोय असं वाटलं. नंतर डॅनिश माणूस, तो म्हणे स्कॉटिश वाटला.

त्याहून भारी किस्सा जोसेफ स्कालिगर या फ्रेंच विद्वानाचा. लायडनमध्ये एक इंग्रज त्याच्यापुढे पाव तास लॅटिनमध्ये बोलला. स्कालिगरला तुर्की ऐकल्याइतकंच कळलं. शेवटी तो नम्रपणे म्हणाला, माफ करा, मला इंग्रजी नीट येत नाही. हे त्यानं स्वतः पत्रात लिहिलंय.

बावखल

वसईहून. आमच्याकडे 1960 च्या दशकापर्यंत मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्ये व्हायची. घरातल्या थोरल्यांना 'आग्नुस देई' ही प्रार्थना अजून पाठ आहे, पण एक आजोबा 'आन्युस' म्हणायचे आणि दुसरे 'आग्नुस', आणि दोघंही दुसऱ्याला अडाणी समजायचे. :) यातलं बरोबर कुठलं?

तिरकस_मात्रा

'आन्युस' हा रोमचा, म्हणजे इटालियन वळणाचा. दहावे पायस पोप यांनी 1912 मध्ये फ्रान्समधल्या बूर्जच्या आर्चबिशपांना पत्र लिहून रोमची पद्धत उचलल्याबद्दल शाबासकी दिली. त्यानंतर ते वळण चर्चमध्ये जगभर पसरलं. सिसेरोच्या काळी बहुधा 'अंग्नुस'च्या जवळपास काहीतरी असावं. म्हणजे दोन्ही आजोबांना अर्धे-अर्धे गुण.

खडूस_खारुताई

हे सगळं आपल्या 'ज्ञ'सारखंच झालं की. आपण 'द्न्य', हिंदीवाले 'ग्य', आणि प्रत्येकाला आपलंच संस्कृत शुद्ध वाटतं. यात युरोपियनांचं कौतुक काय?

तिरकस_मात्रा

खारुताई, 'ज्ञ'वरून कुणाची शिष्यवृत्ती गेल्याचं ऐकिवात नाही. :) पॅरिसमध्ये मात्र 1550 च्या आसपास असलंच प्रकरण न्यायालयात गेल्याचं सांगतात. तिथं 'क्विसक्विस'ला 'किस्किस' आणि 'क्वांक्वाम'ला 'कांकाम' म्हणायची जुनी रीत. पेत्रुस रामुस आणि राजानं नेमलेले प्राध्यापक 'क्व' म्हणू लागले. 'क्विसक्विस' म्हणाला म्हणून सोर्बोनच्या धर्मपंडितांनी एका पाद्र्याचं उत्पन्न काढून घेतलं. रामुस आणि मंडळी त्याच्या बाजूनं उभी राहिली आणि निकाल पाद्र्याच्या बाजूनं लागला. गोष्ट रामुसच्या चरित्रकारानं सांगितली आहे, तेव्हा थोडी फोडणी धरून चालावं.

हायडलबर्गी

इथं जर्मनीत मुलीला शाळेत लॅटिन आहे. बाई 'किकेरो' शिकवतात, पण सीझरला मात्र सगळे 'त्सेझार' म्हणतात. आणि 'कायझर' हा जर्मन शब्द त्याच नावावरून, जुना 'क' सांभाळून!

एक शंका. हे कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट असं भांडण होतं का? गार्डिनर कॅथलिक, चीक प्रोटेस्टंट, सोर्बोन कॅथलिक.

तिरकस_मात्रा

इंग्लंडपुरतं तसं दिसतं खरं. कॅथलिक मेरी राणीच्या काळात 1554 मध्ये गार्डिनरनं फर्मान पुन्हा काढलं, आणि एलिझाबेथ आल्यावर ते विरलं. पण तुमच्या हायडलबर्गच्याच विद्यापीठात शिकलेला मेलांख्थोन बघा. ल्यूथरचा उजवा हात. रॉयख्लिनचा नातेवाईक, आणि ग्रीक शेवटपर्यंत रॉयख्लिनच्या पद्धतीनं. उलट खुद्द इरॅस्मसनं कॅथलिक चर्च कधी सोडलं नाही. त्यामुळे तो साचा नीट बसत नाही.

ग्रहगोचर

उशिरा आलो, पण मला इथं बोलायलाच हवं. इरॅस्मसला जो पुरावा कधी दिसला नाही तो आपल्या पत्रिकेत पडलाय.

ज्योतिषात 1, 4, 7, 10 ही स्थानं केंद्र, 2, 5, 8, 11 पणफर, 3, 6, 9, 12 आपोक्लिम. तिन्ही शब्द ग्रीक. 'पणफर'चं मूळ 'एपानाफोरा'. त्यातल्या 'फी' या अक्षराला आज ग्रीक माणूस आणि युरोपातला प्राध्यापक दोघंही 'फादर'मधल्यासारखा दातओठांचा 'फ' म्हणतात. आपल्याकडे ज्यांनी तो ऐकला त्यांनी 'फ' लिहिला, म्हणजे 'प'चा महाप्राण. 'सुनफा', 'अनफा' या योगांतही तेच. कन्या राशीचं ग्रीक नाव 'पार्थेनोस', वराहमिहिराच्या बृहज्जातकात ते 'पाथोन' म्हणून येतं. 'थ' जागेवर.

आता मजा बघा. 'सुनफा'मध्ये उप्सिलॉनचा 'उ' झालाय आणि चौथ्या स्थानाच्या 'हिबुक'मध्ये (मूळ 'ह्यूपोगेइऑन') त्याच उप्सिलॉनचा 'इ'. ओठ 'उ'चे आणि जीभ 'इ'ची असा तो स्वर. आपल्याकडे तो नाही, त्यामुळे कानाला कधी हे वाटलं, कधी ते. आणि वृषभेचं 'ताउरोस' बृहज्जातकात 'तावुरि' होतं. 'आउ' म्हणावं की 'आव' या भांडणात आपल्या पूर्वजांनी दोन्ही लिहून ठेवलं!

पण सगळा पुरावा इरॅस्मसच्या बाजूचा नाही. 'केंद्र'चं मूळ लेखन 'केन्त्रोन', ताऊनं, म्हणजे 'त'च्या अक्षरानं. आपण घेतला 'द'. आजचे ग्रीकही तिथं 'केंद्रो' म्हणतात. म्हणजे हा बदल बराच जुना.

खापरतुकडा

ग्रहगोचर, दंडवत घ्या. भर घालतो. वायव्येकडच्या इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत प्राकृत. थिओफिलोसचं 'थेउफिल', फिलोक्सेनोसचं 'फिलसिन', आणि हेलिओक्लेसचं 'हेलियक्रेय'. शेवटच्या नावाची सुरुवात एटानं आहे. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपास टाकसाळीतल्या कारागिरानं तिथं 'हे' कोरलं, 'ही' नाही. मेंढी उभी करायची गरजच नव्हती.

तिरकस_मात्रा

दोन्ही प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा सरस. 'फ'बद्दल रोमन साक्षही आहे. क्विंटिलियन सांगतो, सिसेरोनं एका ग्रीक साक्षीदाराची टर उडवली होती, कारण त्याला 'फुंदानियुस' नावातलं पहिलं अक्षर म्हणता येईना. ग्रीकांकडे महाप्राण होता, लॅटिन 'एफ' नव्हता. इरॅस्मसच्या अनुयायांना पुरावा असूनही हे तोंडात आणता आलं नाही. डच, इंग्रज किंवा फ्रेंच माणसाच्या भाषेत 'प' आणि 'फ' असे अर्थ बदलणारे दोन वेगळे वर्णच नाहीत. मराठी माणसाला ते फुकट मिळालेत.

आणि आता राहिलेला भाग. इंग्लंडमध्ये चीक-स्मिथ जिंकले. एटा म्हणजे लांब 'ए', हे शाळांत रुजलं. पण त्याच सुमाराला खुद्द इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकत होते. 'ए' सरकत 'ई'कडे गेला, 'ई'चा 'आय' झाला. ग्रीक शिकवणाऱ्या मास्तरचं तोंड इंग्रजीच, त्यामुळे ग्रीकही सोबत सरकलं. होता होता इंग्लंडात एटाचा उच्चार पुन्हा 'ई' होऊन बसला, म्हणजे गार्डिनरला हवा होता तोच! फक्त योटाचा 'आय' झाल्यामुळे दोघांत फरक तेवढा राहिला. हे निस्तरायला विसावं शतक उजाडावं लागलं. लॅटिनचंही तेच झालं, म्हणून तर तो इंग्रज स्कालिगरला कळला नाही.

टॉमस कोर्‍याट नावाचा एक भटका इंग्रज 1608 मध्ये इटलीला गेला आणि तिथल्या लोकांची लॅटिन ऐकून त्यानं आपला 'आय' सोडून 'ई' पकडला. अवांतर: हाच कोर्‍याट पुढे चालत चालत हिंदुस्थानात आला, अजमेरला जहांगीरपुढे फार्सीत भाषण ठोकलं आणि 1617 मध्ये सुरतेला वारला.

उंबरठ्यावरचा

ती ग्लारेआनुसची गोष्ट राहिली की! इरॅस्मसला गंडवलं होतं ना?

तिरकस_मात्रा

हो. गोष्ट अशी की ग्लारेआनुस हा स्विस विद्वान पॅरिसहून आला आणि इरॅस्मसला थाप मारली: काही ग्रीक पंडित आलेत, ते एटाला 'ए' म्हणतात, सगळंच वेगळं बोलतात. दुसऱ्या कुणी श्रेय घ्यायच्या आत इरॅस्मसनं घाईनं पुस्तक लिहून टाकलं, आणि थाप कळल्यावर स्वतः जुनाच उच्चार चालू ठेवला. ही पहिल्यांदा नीट छापली ती फोसियुस या डच पंडितानं, पुस्तकानंतर शंभरेक वर्षांनी, तीही ऐकीव. आल्दुसच्या गोटात हा विषय आधीच शिजत होता, तेव्हा थापेची गरज काय होती? रॉयख्लिनवाल्यांना मात्र ती फार आवडते. आजही ग्रीक माणसापुढे इरॅस्मसचा उच्चार काढा, तो हीच गोष्ट सांगेल.

खडूस_खारुताई

बरं, मग मला ग्रीक शिकायचं असेल तर कुठला उच्चार घेऊ? गार्डिनरचे फटके न खाता.

तिरकस_मात्रा

काय वाचायचंय त्यावर आहे, ताई. अथेन्सला जाऊन चर्चमधली प्रार्थना समजून घ्यायची असेल तर आजच्या ग्रीकांचा. होमर वाचणार असाल तर तो चालणार नाही. त्याची ओळ लघु-गुरूंवर उभी आहे, आणि ह्रस्व-दीर्घ भेद जिवंत ग्रीकमधून केव्हाच गेलाय. तिथं इरॅस्मसचा घ्या, त्यात फ-थ-ख आपले घाला, आणि एटा 'ए' म्हणा.